चिंचेची दगडी

आई, हे लिहायचं मी किती दिवस टाळलं ते सांगत बसले तर त्याचंच एक पत्र होईल. यासाठी म्हणून तीन वह्या आणल्या. पहिली श्टुटगार्टला असताना आणली, ती जर्मन शब्द लिहून भरली. दुसरी ट्राममध्ये राहिली. तिसरी ही, आणि हिच्याही पहिल्या चार पानांवर कुठल्या खोलीतल्या चादरी कधी बदलल्या त्याची यादी आहे. तू म्हणायचीस ना, हिला विहिरीवर पाठवावं तर ही कळशी तिथेच ठेवून बेडूक बघत बसेल. अजून तशीच आहे मी. आत्ताही हे लिहिता लिहिता उठून खिडकीतून एक माणूस कुत्र्याला रेनकोट घालत होता ते बघून आले. पाऊस नव्हता.

आज गौरीजेवण आहे. म्हणजे तिकडे आहे, इथे जर्मनीत, येना गावात, नुसता शनिवार आहे. मी एका संशोधन संस्थेच्या गेस्टहाऊसमध्ये काम करते. इथे दुर्बिणींच्या भिंगांवर आणि आरशांवर काम करणारे लोक देशोदेशींहून येतात, दोन-तीन महिने राहतात आणि जातात. मी त्यांच्या खोल्या लावते, चहाचे डाग काढते, आठवड्यातून दोन दिवस शाळेत जाते. याला इथे आउसबिल्डुंग म्हणतात, काम करता करता शिकायचं. माझं हे दुसरं. पहिलं मी अर्ध्यात सोडलं, त्याचं पुढे येईलच. तळमजल्यावर सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर आहे, तिथे बसले आहे. काळ्या काचेच्या शेगडीवर अळू शिजतंय. टेबलावर तुझी दगडी आहे, ती दगडाची वाटी, तिच्यात चिंच भिजत घातली आहे.

अळू इथे मिळतं म्हटल्यावर तू हसशील. बागेच्या दुकानात मिळतं, कुंडीत, शोभेचं झाड म्हणून. आपल्याकडे न्हाणीच्या सांडपाण्यावर आपोआप वाढणारं अळू इथे काचेच्या दारामागे ठेवलेलं, आणि देठाला चिठ्ठी, गिफ्टिग, म्हणजे विषारी. श्टुटगार्टच्या एका बागेत तर फुलांच्या ताटव्यात मध्यभागी लावलं होतं. मी तिथे दोन पानं खुडली. एका म्हातारीने लांबून काठी हलवून सांगितलं, मुली, त्याने घसा सुजतो. मी म्हटलं, हो, माहितीये. ती म्हणाली, मग कशाला घेतेस?   शेवटी ती पानं मी बाकावर ठेवून आले.

आजची पानं मात्र खायची आहेत. ती हवाईच्या बाईंनी दिली. बाई पहिल्या मजल्यावर राहतात, पन्नाशीच्या पुढच्या, धिप्पाड, डोंगरावरच्या मोठ्या दुर्बिणीचा आरसा घासण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी आल्या आल्या आशियाई दुकानातून अळूचे कंद आणले, त्यातले दोन बादलीत मातीत पुरले आणि बादली बॉयलरच्या खोलीच्या खिडकीत ठेवली. आमचे हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे आजोबा, म्हणाले की बॉयलरच्या खोलीत झाड ठेवायची परवानगी नाही. बाई म्हणाल्या, हे झाड नाही, माझा भाऊ आहे. आजोबांनी डोकं खाजवलं आणि बादलीला एक थाळी आणून दिली, पाणी खाली सांडू नये म्हणून.

भावाचं मला नंतर कळलं. त्यांच्याकडे असं मानतात की आदिमायेला पहिलं मूल झालं ते मेलेलंच जन्मलं, त्याला घराच्या कडेला पुरलं, तिथून अळू उगवलं. दुसरं मूल जगलं, तो माणूस. म्हणून अळू थोरलं. ते धाकट्यांना खाऊ घालतं आणि धाकट्यांनी त्याला पाणी घालायचं. बाई हे सांगत होत्या तेव्हा कंद वाफेवर होते, चार तास झाले तरी त्या झाकण काढेनात. मी म्हटलं, शिजला असेल की. त्या म्हणाल्या, घाई केलेला कंद घशात भांडतो. मग त्यांनी चमच्याने साल खरवडली आणि बॅगेतून दगडाचा बत्ता काढला, मुठीत धरायचा, खाली रुंद. विमानतळावर त्याच्यावरून अर्धा तास गेला म्हणे. लाकडी फळीवर कंद ठेवून त्या ठेचायला लागल्या. हात पाण्यात बुडवायचा, ठेचायचं, उलटायचं, परत. गोळा झाला, गोळ्याचं पिठल्यासारखं झालं, जांभळट राखाडी. याला त्या पोई म्हणतात. मी खरं म्हणजे वरच्या मजल्यावरचे टॉवेल आणायला निघाले होते. टॉवेल संध्याकाळी आणले.

पोई ठेवायला त्यांना वाडगा हवा होता. त्यांनी माझ्या खोलीच्या खिडकीत तुझी दगडी पाहिली होती. "हा दगड कुठला?" "आमच्या गावाकडचा. चिंच भिजवायचा. आईचा आहे." बाईंनी आत बोट घालून माझं केसांचं रबर काढलं, सायकलची किल्ली काढली, दोन सुट्टी बटणं काढली. "आणि तू यात हे ठेवतेस?"  त्यांनी दगडी धुतली, पुसली, पोई भरली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. तेवढ्यात आजोबा आले, कंदाची सालं मी चुकीच्या डब्यात टाकली म्हणून. मी म्हटलं, मी टाकलीच नाहीत. ते म्हणाले, मग काय डब्याने स्वतः घेतली? आमचं चांगलंच जुंपणार होतं. बाईंनी हात वर केला. "आता नाही. वाडगा उघडा आहे. थोरलं भावंड बसलंय इथे, त्याच्यासमोर भांडायचं नाही." आजोबा म्हणाले, "आल्झो, बरं, मग झाका." बाई म्हणाल्या, "जेवण झाल्यावर झाकू, मग भांडा." आजोबा गुपचूप बसले आणि दोन बोटं पोई खाल्ली. त्यांना वाटलं डिंक आहे. मी बाईंना विचारलं, उघड्या वाडग्यासमोर खोटं बोललेलं चालतं का? त्या म्हणाल्या, "त्याचं मला कुणी काही सांगितलं नाही. ते तुझं तू बघ."

त्या दिवसापासून माझं काही खरं नाही, आई.

तो गौरीजेवणाचा दिवस तुला आठवतोच. ताईला पुण्याचं स्थळ आलं होतं, मुलगा गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. पसंती झालेली होती, आणि तू म्हणालीस, गौरीजेवणालाच बोलवू, सगळे एकत्र जेवतील, बोलणं पक्कं होईल. सकाळपासून तुझ्या हाताला खोबरेल लावलेलं. विळीवर देठ सोलतेस आणि सोलताना कुणाशी बोलत नाहीस. मुळा, चण्याची डाळ, शेंगदाणे, खोबऱ्याच्या कातळ्या. आंबट चुका त्या वर्षी मिळाला नव्हता, म्हणून सगळी मदार चिंचेवर. तू मला दगडी दिलीस. "मागच्या पायरीवर बस, नीट कोळ काढ, चोथा नको. आणि आणून लगेच अळूत घाल, मी पुरणाकडे बघते." मी सोळा वर्षांची होते, चिंच कोळणं काही जगावेगळं काम नव्हतं.

पण पलीकडच्या आगरात विहिरीत म्हैस पडली होती. जेसीबी आणला होता. तू आतून आवाज ऐकलास, पण तुला वेळ नव्हता. मी कोळ काढला, दगडी हातात घेतली, आणि फक्त एक मिनिट म्हणून कुंपणाच्या गडग्यापाशी गेले. म्हशीच्या पोटाखालून पट्टे घातलेले, जेसीबी तिला वर उचलतोय, चारही पाय लोंबतायत, आणि तिच्या तोंडावर काय झालंय याची काही खबर नाही.  मी दगडी गडग्यावर ठेवली, टाळ्या वाजवायला. म्हैस खाली टेकली, दोन पावलं चालली आणि पहिलं काय केलं तर शेजारच्यांची कर्दळ खाल्ली. मी हसत हसत आत आले. तू पुरणाच्या कढईसमोर होतीस, अळूचं पातेलं तुझ्या पाठीमागे उतरवलेलं, तू वळून बघितलं नाहीस. "घातलीस ना गं?" मी म्हटलं, "हो."

हो का म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही. नाही म्हटलं असतं तर तू रागावली असतीस, मी पळत जाऊन आणली असती, अर्ध्या मिनिटाचं काम. पण तेवढ्यात पुण्याची मंडळी आली, बाबांनी पाटांची आठवण करून दिली, मी पाट मांडायला गेले. आणि नैवेद्याचं अन्न तू चाखत नव्हतीस. आपल्यात कुणीच चाखत नाही, गौरीला दाखवेपर्यंत चमचाभरही जिभेला लावायचा नाही. तू दरवर्षी सगळं अंदाजाने करायचीस आणि दरवर्षी ते बरोबर व्हायचं. त्या दिवशी तुझा अंदाज माझ्या हो म्हणण्यावर होता.

दुसऱ्या घासाला ताईचे होणारे सासरे थांबले. "जरा खवखवतंय का हो?" होणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "अहो, ताक घ्या." मग त्यांनाच ठसका लागला. मग नवऱ्या मुलाला. ताई वाढत होती, तिच्या हातातला डाव तसाच राहिला. बाबा सगळ्यांदेखत म्हणाले, "हिचं हल्ली लक्षच नसतं. काय घातलंस काय यात?" आणि तू पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "शिजलंय नीट. चिंच राहिली माझ्याच्याने. विसरले मी." माझ्याकडे बघितलं नाहीस. मी मिठाची वाटी घेऊन उभी होते.

मंडळी चांगली होती, लग्न मोडलं वगैरे नाही. पण ताईच्या सासऱ्यांना विनोदाला विषय मिळाला. अजून म्हणतात, सूनबाई, तुमच्या माहेरचं अळू आठवलं की औषधाशिवाय घसा साफ होतो. ताई दरवेळी हसते. आणि आपल्या घरात तुझं स्वयंपाकघर गेलं. कुणी भांडून नेलं नाही, हळूहळू नेलं. बाबा आमटी आधी स्वतः चाखायला लागले. ताई म्हणायची, आई, तू बस, मी करते. तू दुधाखालचा गॅस बंद करायला विसरलीस, कुणीही विसरतं, पण घरात एकमेकांकडे बघितलं गेलं. ताईचं लग्न झाल्यावर मी करायला लागले, म्हणजे भात करपवायला लागले, आणि तू उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत माझ्याकडे बघत बसायचीस. एकदाही मला काही म्हणाली नाहीस. एकदा म्हणायचं होतंस.

मग डोकं दुखायला लागलं, उलट्या व्हायला लागल्या. ताई पुण्याहून आली. तुझी पिशवी भरत होतो, तर तू मांडणीवरून दगडी काढलीस आणि माझ्या हातात दिलीस. "ही तू ठेव. आंबट दुसऱ्या कशात ठेवत जाऊ नकोस." मला वाटलं, काय ही वेळ आहे का. कोल्हापूरला डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली, मेंदूत गाठ होती. त्यांनी विचारलं, यांना विसरायला कधीपासून होतंय? ताई म्हणाली, "दोन वर्षं झाली डॉक्टर. गौरीच्या दिवसापासून. स्वयंपाकात चिंच घालायला विसरली, तेव्हापासून." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. "तेव्हाच आणायला हवं होतं," ते म्हणाले. वाईट बोलले नाहीत, नुसतं म्हणाले. मी थर्मास घेऊन दाराशी उभी होते. मला सांगता आलं असतं, डॉक्टर, ते खोडा, ते माझं आहे. मी थर्मासचं झाकण उघडलं आणि परत लावलं.

तू गेलीस त्याला आता अकरा वर्षं झाली. ताई दरवर्षी गौरीला मला फोन करायची आणि तेच म्हणायची. "दोन वर्षं आई आपल्यासमोर होती गं. पहिलं लक्षण माझ्या ताटात वाढलं होतं आणि मला लाज वाटत होती सासरच्यांची. आई विसरतेय हे दिसलं नाही, अळू खाजलं एवढंच दिसलं." मी म्हणायची, असं नको म्हणूस ताई. ती म्हणायची, तुला काय, तू लहान होतीस. आणि मी लहान व्हायची. गाठ तेव्हापासून होती की नव्हती ते मला माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. पण चिंच तू विसरली नव्हतीस एवढं मला माहीत आहे, आणि ते माहीत असलेली जगात मी एकटी.

एकटी हे खोटं. तेही सांगते, नाहीतर हे सगळं लिहून उपयोग काय. मंडळी गेल्यावर मी गडग्याकडे धावले, तर दगडी तिथे नव्हती. ओट्यावर होती, धुऊन पालथी घातलेली. मी ठरवलं की शेजारच्या काकूंनी आणून दिली असेल. तेरा वर्षं मी ते ठरवलेलंच धरून राहिले. पण काकूंनी चिंच भरलेली दगडी धुऊन का आणली असती? आणि तुझ्या गॅससमोरच्या खिडकीतून गडगा दिसायचा. आणि जेवताना तू लगेच म्हणालीस, चिंच राहिली. डाळ कच्ची राहिली असं नाही, देठ जून होते असं नाही, चिंच. हे मला माहीतच नव्हतं असं नाही. मी त्याच्या बाजूने जायची, जसं रस्त्यात खड्डा असतो आणि पाय आपोआप वळतो. तुला तेव्हाच कळलं होतं. सगळ्यांदेखत तू ते आपल्या अंगावर घेतलंस, माझ्यासाठी, आणि नंतर लोकांनी तुला वेडीत काढलं तरी उतरवलं नाहीस. मग ती दगडीच मला दिलीस. मी ती चार गावं फिरवली आणि तिच्यात रबरं ठेवली.

ताई आता श्टुटगार्टजवळ झिंडेलफिंगेनला असते, भावोजी तिथे गाड्यांच्या कारखान्यात आहेत. मलाही तिनेच इकडे आणलं, आधी एका घरी मुलं सांभाळायला, मग नर्सिंगच्या आउसबिल्डुंगला. तिला वाटायचं, आईचं करता आलं नाही, निदान इतर आजारी माणसांचं कर. मी एक वर्ष केलं. एक म्हातारी होती, रोज विचारायची, मी औषध घेतलं का? मी म्हणायची, हो. एक दिवस मला ते हो म्हणता येईना. क्युंडिगुंगचा, म्हणजे राजीनाम्याचा, कागद लिहून दिला, ताईला नंतर सांगितलं. ती फोनवर म्हणाली, "एक काम शेवटपर्यंत झालंय का तुझ्या हातून? आईच्या वेळीही नुसती उभीच होतीस." त्यानंतर वर्ष झालं, बोललो नाही. भाचीच्या वाढदिवसाला मी मराठीत निरोप पाठवला, तिने जर्मनमध्ये उलट पाठवला, डांके, टांटे. मागून ताईचा आवाज येत होता, मावशी म्हण. तेवढंच.

आज सकाळी सातला बाईंनी बादलीतली सहा पानं कापून दिली. मी पानांचा आणि दगडीचा फोटो काढला आणि ताईला पाठवला. खाली काहीतरी लिहायला लागले, पुसलं, परत लिहिलं, पुसलं. नुसता फोटो गेला. तिने पाहिला एवढं दिसलं, उत्तर आलं नाही. मी म्हटलं, बरोबर आहे. तेव्हा ही वही उघडली. म्हटलं, आधी तुला सांगते, तुझ्यासमोर जमलं तर ताईला सांगायचं बघू. कधीतरी. हे पत्र कुठे पाठवायचं नाहीच, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं मला सकाळी वाटलं होतं.

आता तीन वाजून गेलेत. अळू शिजून मऊ झालंय, डाळ बोटचेपी झालीय, गूळ घातला. नैवेद्य दाखवायला गौर नाही, तुझा फोटो आहे, तो ब्रेडच्या डब्याला टेकवून ठेवलाय. चव बघितलेली नाही.

बेल वाजली. मला वाटलं पार्सल. बाई दार उघडायला गेल्या आणि आत डोकावून म्हणाल्या, "कुणीतरी आलंय तुझ्याकडे. सकाळी फोटो पाहिला आणि तशीच स्टेशनवर गेली म्हणते, गाडीला दोन तास उशीर झाला. म्हणते, मी हिची थोरली." बाहेर चपला काढल्याचा आवाज आला. ताई अजून उजवी आधी काढते, मग भिंतीला हात लावून डावी. ती कुणाला तरी विचारतेय की वास कुठून येतोय, आणि बाई तिला सांगतायत, सरळ.

आई, चिंच अजून दगडीतच आहे. मी विसरलेले नाही. सकाळपासून तीनदा उचलली आणि तीनदा परत ठेवली. ताई आत येईल, पातेल्यात बघेल आणि इतर काही बोलायच्या आधी विचारेल, चिंच घातलीस ना? मी नाही म्हणणार आहे.